गुणवंतांच्या पानावरची एक ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर आपण गुणवंतांचे फोटो छापलेत. पुढे काय होणार, तर बहुतेकांचं उत्तर डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. खानापूरकडच्या एका मुलीनं मात्र ‘औषधांवर संशोधन करणार’ म्हटलं होतं. ती ओळ मी दोनदा वाचली.

मी याच तालुक्यात उपकेंद्रावर नर्सबाई होते. मूल झालं तरी वार पडून अंगावरचं थांबेपर्यंत आमचा जीव टांगणीला. रक्त किती गेलं? ‘दोन लुगडी भिजली’ हेच माप. रक्त थांबवायचं इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवायचं, आणि पावसाळ्यात कणकुंबीकडे विजेचा पत्ता नाही. अशात 2002 ते 2005 दरम्यान आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत जेएनएमसी या इथल्या मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी, अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर, 1,620 बाळंतिणींची चाचणी केली. निम्म्यांना रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या. देणाऱ्या आमच्यासारख्या नर्सबाईच. कमरेखाली खुणांची प्लास्टिकची पिशवी अंथरायची, रक्त तिच्यात उतरलं की आकडा वाचायचा. माझं उपकेंद्र त्यात नव्हतं, पण ती पिशवी मी मैत्रिणीकडे हातात घेऊन पाहिली होती. जादा रक्तस्राव शंभरात 12 जणींना व्हायचा, तो गोळीनं साडेसहाच्या आत आला. 2006 साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं, 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं याच कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांत घेतली. आपल्या भागात हे किती जणांना ठाऊक आहे?

माझी भाची बाहेरगावी प्रयोगशाळेत असते. नेट पास, केंद्राची फेलोशिप. 2023 पासून ती महिन्याला 37,000 रुपये आहे, कागदावर. गेल्या वर्षी सात महिने छदाम आला नाही, मग सगळे एकदम. मधल्या काळात खोलीचं भाडं उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या धाकट्या भावानं भरलं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना रविवार कळत नाही, त्यामुळे ही दिवाळीतही त्यांना ‘जेवण’ घालायला जाते. शेजारीण विचारते, ‘अजून शिकतीच आहे होय?’

सरकारी नोकराचा पगार सात महिने थांबला तर मोर्चा निघेल. या पोरांची फेलोशिप एक तारखेला का पडू नये? उशीर झाला तर व्याजासकट द्या. पीएच.डी.नंतरचं तर विचारूच नका. प्रोजेक्ट संपला की नोकरी संपली, असं करत पस्तिशी येते. आपल्या बेळगावच्या नेहरूनगरात आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे, मेडिकल कॉलेजं आहेत. इथं कायम जागा निघाल्या तर आपली मुलं परत येतील. गोचिडांमुळे होणारा माकडताप 1957 साली शिवमोग्ग्याच्या जंगलात सापडला, 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पसरला. काजूच्या हंगामात आपली माणसं त्याच पट्ट्यात कामाला जातात. त्यावर नेमकं औषध आजही नाही. पाट्या मराठीत की कन्नडमध्ये यावर भांडणाऱ्या दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी यावर संसदेत एखादा प्रश्न तरी विचारावा.

फोटोतल्या त्या मुलीला भाचीचा नंबर पाठवावा असं मनात होतं. भाचीला विचारलं, तर म्हणाली, ‘मावशी, थांब जरा. या महिन्याचे पैसे तरी येऊ देत.’

– एक निवृत्त आरोग्य सेविका, खानापूर