दोनपैकी एक, तीनपैकी एक

ठाणे (पश्चिम),
रविवार सकाळ

प्रिय रेवा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. वेळ नव्हता असं नाही गं, बी.एड.च्या पाठांची टाचणं लिहून लिहून पेन हातात धरायचाच कंटाळा आला होता. हेतुकथन, साधनं, फलकलेखन, मूल्यमापन... एका तासिकेच्या पाठाला चार पानं! आणि वर्गात पाऊल टाकलं की पाच मिनिटांत त्या चार पानांची रद्दी.

इंटर्नशिपची (कागदोपत्री आंतरवासिता, उच्चारून बघ) शाळा वागळे इस्टेटकडची, मराठी माध्यमाची. मला सहावी मिळालीय. मागच्या मंगळवारी अपूर्णांकांची बेरीज होती. छेद समान करा, मग अंश मिळवा, सगळं छान फळ्यावर मांडलं. १/२ + १/३ दिलं, आणि खिडकीकडच्या एका पोराने वहीत २/५ लिहिलं. मी म्हटलं, चूक. तो उभाच. "टीचर, काल मी आधी दोन बॉलमध्ये एक सिक्स मारली, मग तीन बॉलमध्ये एक. पाच बॉलमध्ये दोनच झाल्या ना?"

रेवा, मला उत्तर सुचलं नाही. एम.एस्सी.ला मेझर थिअरीचा पेपर सोडवलेली मी, आणि सहावीतल्या सिक्सने माझी दांडी उडवली. "बस खाली, असं नसतं," म्हणाले नि पुढचं गणित घेतलं. मागच्या बाकावर मार्गदर्शक बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. तास संपल्यावर वही हातात आली. लाल शाईत एकच ओळ: "मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं नाही."

घरी येताना टीएमटीच्या बसमध्ये लोंबकळत तेच डोक्यात. पोराचा हिशोब चोख होता, फक्त तो बेरजेचा नव्हता. त्याचा १/२ दोन बॉलचा, १/३ तीन बॉलचा. माझे दोन्ही अपूर्णांक एकाच पूर्णाचे, आणि ते मी बोललेच नव्हते, कारण मला ते कधी बोलावंच लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "स्टेशनजवळच्या कुंजविहारचा अर्धा वडापाव नि शाळेसमोरच्या गाडीवरचा अर्धा, सारखाच का?" वर्ग ओरडला, "नाही!" मग त्याच पोराला पुढे बोलावलं. "एकाच वडापावचा आधी अर्धा खाल्लास, वर आणखी तिसरा हिस्सा खाल्लास. एकूण २/५ म्हणतोस. पण २/५ तर अर्ध्याहूनही कमी." तो फळ्याकडे बघत राहिला. "जास्त खाऊन कमी कसं होईल?" हे तोच म्हणाला, मी नाही. नंतर ५/६ त्याने स्वतः काढलं. सिक्सचं गणित मात्र मी पुसू दिलं नाही, फळ्याच्या कोपऱ्यात तास संपेपर्यंत ठेवलं.

बाकी दिवस असे जात नाहीत हं. शुक्रवारी तोंडी गणितं घेताना "एकोणऐंशी" म्हटलं, तर बऱ्याच वह्यांत ८९. बरोबर आहे, कानावर ऐंशी पडलं की हात ८ लिहिणारच. ऐंशीला एक उणा हे कोण थांबून बघतंय! मागून आवाज आला, "सेव्हंटी नाइन बोला ना टीचर." २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' आलं तेव्हा आपण हॉस्टेलच्या गच्चीत किती हसलो होतो, आठवतं? ते आणणाऱ्या मंगला नारळीकरांच्या गणित समितीवर तेव्हा चहूकडून टीका झाली होती. आपणही मराठीचं कसं होणार वगैरे बोललो होतो. आता त्या ८९ कडे बघून हसू येत नाही. 'सत्तर नऊ' माझ्या जिभेवर अजून बसत नाही, ही गोष्ट वेगळी.

उद्या दशांश अपूर्णांक आहेत. ०.४५ हे ०.५ पेक्षा मोठं म्हणणारे निदान दहा जण निघतील, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे. त्यांना आधी काय विचारू? रुपये-पैशांवर नेलं तर ०.५ ला ते पाच पैसेच म्हणतील अशी भीती वाटते. तू दिवसभर बँकेत पैसेच मोजतेस, काही सुचलं तर लिही. पत्रातच लिही, फोनवर तू लगेच लग्नाच्या विषयावर येतेस.

तुझी,
अनू