नागालँडच्या सहली आणि छायाचित्राखालची ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरत आली की आपल्या वृत्तपत्रात ईशान्य भारताच्या सहलींच्या जाहिराती दिसू लागतात आणि त्यांत नागालँडच्या हॉर्नबिल महोत्सवाला हमखास मानाची जागा असते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सहलीबरोबर मीही तेथे गेले होते. महोत्सव आवर्जून पाहावा असाच आहे. परंतु तो आपल्या पर्यटकांना ज्या रीतीने दाखवला जातो, तीत एक मोठी उणीव आहे. पंधराहून अधिक जमातींच्या राज्यात आठवडाभर राहून आलेला माणूस परतताना ‘नागा’ हा एकच शब्द घेऊन येतो, याचे मला मनापासून वाईट वाटते आणि म्हणून हे पत्र.

१ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड राज्य अस्तित्वात आले. त्या तारखेला धरून डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत, २००० सालापासून, हा महोत्सव भरतो. कोहिम्यापासून सुमारे १२ किलोमीटरवरच्या किसामा येथे प्रत्येक जमातीने आपापल्या धाटणीचे मोरुंग उभारलेले आहे. मोरुंग म्हणजे पूर्वी गावातल्या तरुण मुलांनी एकत्र राहून शिकार, युद्ध, गाणी आणि गावाचा इतिहास शिकण्याची जागा. आओ तिला ‘आरिजू’ म्हणतात, तर अंगामी ‘किचुकी’. शेजारी राहणाऱ्या या जमातींच्या भाषाही एकमेकींना कळत नाहीत, त्यामुळे बाजारात आणि प्रवासात असमियातून घडलेली नागामीज ही बोली वापरली जाते, तर राज्याची अधिकृत भाषा इंग्रजी आहे. एका आवारात नाचणारी ही माणसे एकमेकांपासून किती वेगळी आहेत, हे आमच्या सहलीत कोणीही सांगितले नाही.

कोन्याक मोरुंगापुढे चेहऱ्यावर गोंदण असलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. आमच्यातल्या काहींनी त्यांना न विचारता त्यांच्या खांद्यावर हात टाकून छायाचित्रे काढली, एकाने तर त्यांचे शिरोभूषण स्वतःच्या डोक्यावर चढवले, आणि आमच्या सहल व्यवस्थापकाने त्यांची ओळख ‘मुंडकी आणणारा नागा योद्धा’ एवढीच करून दिली. मी त्यांच्याशेजारी बसलेल्या तरुणाकडून विचारून घेतले तेव्हा कळले की, तिथे चाललेले गाणे आओलेआंगचे होते. आओलेआंग हा कोन्याकांचा वसंतातला सण, पेरण्या उरकल्यावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येणारा. अंगामींचा सेक्रेनी फेब्रुवारीत, आओंचा मोआत्सु मेमध्ये, सुमींचा तुलुनी जुलैमध्ये आणि लोथांचा तोखू एमोंग सुगीनंतर नोव्हेंबरमध्ये येतो. म्हणजे आपण डिसेंबरात किसाम्याला जे पाहतो, ते वर्षभराच्या शेतीला बांधलेले अनेक सण पाहुण्यांसाठी एका जागी मांडलेले असतात. त्यात गैर काहीच नाही, कारण ते त्यांनीच मांडलेले आहे. पण हे ठाऊक नसेल तर पेरणीचे गाणे आणि युद्धाचे गाणे आपल्याला सारखेच ऐकू येते.

मुंडक्यांच्या त्या उल्लेखाविषयी थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते. शत्रूचे मुंडके कापून आणण्याची ती प्रथा कित्येक दशकांपूर्वी बंद पडली, आणि आज राज्यातील बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधील एका लिलावगृहाने एका नागा माणसाची कवटी विक्रीस काढली, तेव्हा नागालँडमध्ये तीव्र संताप उसळला, मुख्यमंत्र्यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिले आणि ती कवटी लिलावातून मागे घेण्यात आली. पूर्वजांच्या अवशेषांसाठी ज्यांना अशी धावपळ करावी लागली, त्यांच्यापुढे जाऊन आपण त्याच शब्दाने त्यांची ओळख सांगावी, हे मला अत्यंत अनुचित वाटते.

खरेदीच्या बाबतीतही हाच प्रकार घडतो. आओंची ‘त्सुंगकोतेप्सू’ नावाची शाल पूर्वी कोणालाही पांघरता येत नसे. युद्धात पराक्रम गाजवलेल्या किंवा मिथुन (गव्यासारखे तिकडचे जनावर) बळी देऊन गावजेवण घातलेल्या पुरुषालाच तिचा मान होता. ही शाल स्त्रिया कमरेला पट्टा बांधून ताणायच्या मागावर विणतात, आणि तिच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर मिथुन, वाघ, हत्ती, कोंबडा अशी चित्रे पुरुष रंगवतात. त्या मागावर अरुंद पट्टेच निघतात व ते जोडून शाल पुरी होते, त्यामुळे हातमागाची शाल उलगडली की जोडाची शिवण दिसते. आमच्या सहलीतल्या अनेकांनी स्वस्त पडते म्हणून यंत्रावरची शाल घेतली. यंत्रमागावरच्या नकलेने येवल्या-पैठणच्या विणकरांचे काय नुकसान होते, हे ज्यांना चांगले कळते, त्याच आपल्या लोकांना तिथे हा फरक कोणी दाखवून दिला नाही. चाखेसांग जमातीच्या शालीला तर २०१७ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

सहलीबरोबर आपला आचारी असतो आणि घरच्यासारखे जेवण मिळते, ही सोय ज्येष्ठांसाठी मोलाची आहे, हे मी मान्य करते. मात्र सुमींच्या मोरुंगात आखुनी, म्हणजे आंबवलेले सोयाबीन, शिजत असताना आमच्यापैकी काही जण नाकाला रुमाल लावून उभे राहिले, आणि चुलीपाशी बसलेल्या बाईंनी ते पाहिले. घरात सुकट भाजणाऱ्यांना तरी ही गोष्ट समजायला हवी होती.

सहल संपल्यावर मी व माझी बहीण दोन दिवस अधिक राहून खोनोमाला गेलो. १८७९ मध्ये इंग्रजांशी लढलेले हे अंगामींचे गाव. गावकऱ्यांनी १९९८ मध्ये सुमारे २० चौरस किलोमीटर जंगल ट्रॅगोपान पक्ष्यासाठी राखून तेथे स्वतःच शिकारबंदी केली. शेतातली अल्डरची झाडे ते मुळापासून तोडत नाहीत, वरून छाटतात. त्या झाडाच्या मुळांमुळे जमिनीला नत्र मिळते आणि फिरत्या शेतीतही तिचा कस टिकून राहतो. हे सारे ज्यांच्या घरी आम्ही उतरलो, त्यांनीच शेतात नेऊन दाखवले, आणि राहण्या-जेवणाचे पैसेही थेट त्यांच्याच हाती पडले. आमच्या सहलीत या गावासाठी दीड तास ठेवलेला होता.

सहल आयोजकांना माझी विनंती आहे की, त्यांनी दहा ठिकाणांतली तीन कमी करून, ग्रामपरिषदेला आधी कळवून, अशा एखाद्या गावात किमान दोन रात्रींचा मुक्काम ठेवावा आणि माहिती सांगण्यासाठी त्याच जमातीचा माणूस नेमावा. ‘आपल्याच देशात परवाना कशाला’ असा प्रश्न आमच्या गाडीत वारंवार विचारला गेला; राज्यात प्रवेशासाठी लागणाऱ्या या परवान्याचे मूळ १८७३ च्या कायद्यात आहे आणि आज त्यामागे स्थानिकांची जमीन व जीवनपद्धती जपण्याचा हेतू आहे, हे निघण्यापूर्वीच प्रवाशांना सांगता येईल.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. महोत्सवाची छायाचित्रे आपण दरवर्षी छापता आणि त्यांखाली बहुधा ‘पारंपरिक वेशातील नागा आदिवासी’ अशी ओळ असते. यंदापासून तिथे ती व्यक्ती आओ आहे, लोथा आहे की रेंगमा, आणि चाललेले नृत्य कोणत्या सणाचे आहे, एवढे कृपया छापावे.

आपली नियमित वाचक