जुनी जीटीआय, नवी जीटीआय आणि आमची कुरकुर

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआय या हॉट हॅचच्या (म्हणजे छोटी पण जोरदार पळणारी गाडी) जुन्या-नव्या पिढ्यांची तुलना वाचली. फोटो मस्त, तक्ता पण छान, पण वाचून झाल्यावर डोक्यात एवढंच उरलं की पहिली गाडी ११० पीएसची (पीएस काय, बीएचपी काय, दोन्ही हॉर्सपॉवरचेच माप) अन् आताची २६५ पीएसची, म्हणजे नवी चांगली, विषय संपला. तिकडे धरमपेठेत टपरीवर हाच पेपर पसरून बसलेली मंडळी नेमकं उलट बोलत होती, की जुन्या गाड्यांत मजा होती राजेहो, आताच्या म्हणजे चाकं लावलेले मोबाईल. मला दोन्ही पटलं नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण मधल्या पिढ्यांचा भाग ठेवा कारण सगळा मुद्दा तिथंच आहे.

पहिली जीटीआय १९७५ ला फ्रँकफर्टच्या शोमध्ये दाखवली, १९७६ ला विकायला आली, आणि कंपनीच्या मोजक्या लोकांनी जवळजवळ चोरून सुरू केलेलं काम होतं ते. ५,००० गाड्या खपल्या तरी पुष्कळ झालं असा हिशेब होता, त्या एका पिढीच्याच साडेचार लाखांवर गेल्या. १.६ लिटरचं इंजिन, १८२ ची टॉप स्पीड, ० ते १०० ला नऊ सेकंद, आजच्या हिशेबात काही विशेष नाही. पण वजन बघा, साधारण ८१० किलो! तुमच्या तक्त्यात वजनाचा रकानाच नव्हता, आता हॉट हॅचची तुलना वजनाशिवाय कशी काय करता बुवा? टनामागे सुमारे १३५ पीएस पडतात, म्हणून ती गाडी उड्या मारायची. गिअरच्या दांड्यावर गोल्फचा बॉल आणि सीटवर चौकटीचं कापड, हे दोन्ही गुनहिल्ड लिल्येक्विस्ट नावाच्या बाईंनी दिलेलं, तेही पुरवणीत कुठे नाही.

आता मधलं ऐका. १९९१ ला तिसरी पिढी आली, इंजिन दोन लिटरचं झालं आणि पॉवर किती, तर ११५ पीएस. म्हणजे पंधरा वर्षांत पाच पीएस वाढले आणि वजन गेलं हजार किलोच्या वर, टनामागचा आकडा पहिल्या गाडीपेक्षा खाली, ११० च्या आसपास. पुढे १५० पीएसची सोळा व्हॉल्व्हवाली काढली म्हणून थोडी इज्जत राहिली. चौथी पिढी, १९९८ ची, अजून जड, आतून एकदम पॉश, १.८ टर्बोत १५० पीएस, पण काही देशांत तेच ११५ पीएसचं इंजिन लावून वर जीटीआयचा बिल्ला चिकटवला, जर्मनीत तर डिझेलला पण चिकटवला. ग्रिलभोवतीची लाल पट्टी गेली. तिकडच्या गाडीवाल्यांनी तोंडसुख घेतलं आणि बरोबर घेतलं. आता मला सांगा, "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्यांनी या दोन पिढ्यांचं काय करायचं? या पण जुन्याच आहेत की.

आणि मग २००४ ची पाचवी पिढी. २०० पीएसचं टर्बो, मागचं सस्पेन्शन आधीच्या चारही पिढ्यांत टॉर्शन बीमचं (दोन्ही चाकं एका दांड्याला जोडलेली) होतं ते मल्टिलिंक (प्रत्येक चाक वेगळं सांभाळणारं) केलं, लाल पट्टी परत, चौकटीचं कापड परत, आणि लोक म्हणाले की हां, ही जीटीआय. मधे काय झालं होतं? लोकांनी कुरकुर केली होती, ती ऐकली गेली. हेच परत आठव्या पिढीत झालं. २०२० ला आली तेव्हा स्टिअरिंगवरची बटणं टचची, एसीचं टेम्परेचर बदलायला स्क्रीनखाली बोट फिरवायची पट्टी, त्या पट्टीला रात्री लाईट नाही! जगभर शिव्या पडल्या, फोक्सवॅगन ब्रँडचे प्रमुख थॉमस शेफर यांनी उघड मान्य केलं की या टच प्रकारानं ब्रँडचं नुकसान झालं, आणि २०२४ च्या सुधारित गाडीत स्टिअरिंगवर दाबायची खरी बटणं परत आली, पट्टीला लाईट आला. तुम्ही "अद्ययावत इंटेरिअर" एवढ्या दोन शब्दांत हे सगळं उडवून लावलं.

टचचं दुखणं नागपूरवाल्याला जास्त कळतं साहेब. मे महिन्यात बर्डीवर दुपारी दोन तास उन्हात उभी केलेली गाडी उघडा, काळ्या स्टिअरिंगला रुमालाशिवाय हात लागत नाही, सीटबेल्टचा बकल चटका देतो, त्या क्षणी माणसाला एकच गोष्ट पाहिजे असते ती म्हणजे एसी फुल. माझ्या मित्राच्या नव्या गाडीत (ती जीटीआय नाही, नाव घेत नाही) एसीचं पॅनल टचचं आहे, बोट घामानं ओलं, खाली सिमेंट रोडचे जोड ठक ठक ठक, बोट दोनवर ठेवलं की चारवर जातं, नजर रस्त्यावरून हटते ती वेगळीच. माझ्या २०१४ च्या पोलो जीटी टीएसआयमध्ये (फोक्सवॅगनचीच टर्बो पेट्रोल हॅच) गोल नॉब आहे, न बघता फिरवला की झालं. यात जुन्याचं प्रेम वगैरे काही नाही, सरळ सोय आहे.

पोलोवरून आठवलं, आपल्याकडच्या पिढ्यांवर तुम्ही एक ओळ लिहिली नाही, जणू हॉट हॅच म्हणजे फक्त परदेशातली गोष्ट. अहो, आपल्या महाराष्ट्रात बनल्यात ह्या गाड्या. २००१ ची फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स कुर्ल्याची, १०० पीएस, जाहिरातीत सचिन, आणि पेट्रोल अशी प्यायची की घरचे म्हणायचे काहून घेतली बे ही! २०१५ ची फियाटचीच अबार्थ पुंटो रांजणगावची, १४५ बीएचपी, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि किंमत दहा लाखांच्या आत, ९.९५ लाख एक्स-शोरूम. आमची पोलो चाकणची. आज एवढी पॉवर एवढ्या पैशात कोण देतं दाखवा मला.

आणि ते का देत नाही याचं कारण पण सांगायला पाहिजे होतं, नाहीतर वाचकाला वाटतं की कंपन्यांची हौसच संपली. कारण टॅक्स. आपल्याकडे चार मीटरच्या आत अन् पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर ती छोटी गाडी, सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी १८ टक्के, त्या पलीकडे गेलात की ४० टक्के. पॅलिओचं १.६ आणि पुंटोचं १.४ इंजिन आज याच रेषेपलीकडे पडतं. म्हणून अलीकडच्या गरम हॅच १२०० सीसीच्या आतच टर्बो लावून आल्या, आय२० एन लाइन १२० पीएस, अल्ट्रोझ रेसर तेही १२० पीएस. परदेशात खरी आय२० एन २०४ पीएसची होती आणि स्विफ्ट स्पोर्ट १.४ टर्बोची, १४० पीएस आणि वजन हजार किलोच्या आत, पहिल्या जीटीआयची खरी वारसदार ती, पण दोन्ही इकडे आल्याच नाही. आपल्याला स्विफ्ट मिळाली ती अशी, की २००५ ची १.३ लिटर ८७ बीएचपी आणि २०२४ ची तीन सिलिंडर, ८२ पीएस. एकोणीस वर्षांत पॉवर खाली! मायलेज मात्र २५ च्या घरात गेलं, आणि घेणाऱ्यांना तेच पाहिजे होतं हेही खरं.

पोलोच्या दोन पिढ्यांचं (पिढी म्हणजे इंजिनाची, बॉडी तीच) सांगतो कारण दोन्ही चालवल्यात. माझी १.२ टीएसआय चार सिलिंडर, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). २०२० ला बीएस६ (प्रदूषणाचे नवे नियम) आलं आणि तिच्या जागी १.० टीएसआय तीन सिलिंडर, ११० पीएस, टॉर्क दोघींत १७५ एनएमच. कागदावर सख्ख्या बहिणी. पण सिग्नलला उभं राहिलं की नवीचं इंजिन हलकं घुरघुरतं, सीटपर्यंत येतं ते, माझीचं इंजिन चालू आहे की बंद तेच कळत नाही. पण व्हेरायटी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये बाजी उलटते, माझा डीएसजी ड्राय क्लचवाला (म्हणजे क्लच तेलात बुडालेला नाही), इंच इंच सरकताना तो हाफ क्लचवर घासत राहतो आणि ४५ डिग्रीत ते त्याला सोसत नाही, म्हणून मी पुढच्या गाडीला चांगलं अंतर सोडतो आणि मागचा हॉर्न मारतो. नवीचा साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक (क्लचऐवजी तेलातून जोर देणारा), त्याला यातलं काही वाटत नाही. आणि मॅन्युअल पाहिजे असेल तर तिच्यात सहा गिअरची मिळत होती. मला विचाराल तर वर्धा रोडवर मोकळं पळायला माझी जुनी, शहरात रोज चालवायला नवी. झाली ना तुलना, पीएसचा आकडा न सांगता?

आता नवी गोल्फ जीटीआय. मे २०२५ ला भारतात आली तेव्हा ५३ लाखांची, पूर्ण बनून बाहेरून आली म्हणून कस्टम ड्युटीसकट ती किंमत, पहिल्या लॉटच्या १५० गाड्या लाँचच्या आधीच संपल्या. ० ते १०० ला ५.९ सेकंद, वजन चौदाशे किलोच्या वर तरी टनामागे १८० च्या आसपास पीएस, म्हणजे ती जड झाली म्हणून मंद झाली हा टपरीवरचा आरोप साफ चूक. एअरबॅग सात, ब्रेक असे की पहिल्या गाडीच्या मागच्या ड्रम ब्रेकशी तुलनाच नको. ज्यांना पहिल्या जीटीआयचे फोटो पाहून गहिवर येतो त्यांनी ती ठोकली तर काय होईल याचाही विचार करावा. पण चालवायची कुठे? समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, तिथे ही गाडी झोपेत चालते, वर गेलात की चलान. आणि शहरात १८ इंची चाकांवर २२५/४० चे टायर, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यात रबर किती उरतं बघा, आपल्याकडे सिमेंट रोड उंच अन् कडेचे गट्टू खचलेले, त्या कडेवरून एकदा चुकून उतरलं की रिम वाकलीच समजा. हे सगळं तुमच्या लेखकानं गाडी नागपुरात चालवून लिहिलं असतं तर मी पत्र लिहिलंच नसतं.

सगळ्यात मोठी गोष्ट तर एका ओळीत पण नाही. नव्या जीटीआयमध्ये मॅन्युअल गिअरबॉक्स जगात कुठेच मिळत नाही, २०२४ च्या सुधारणेत काढून टाकला. बटणं परत दिली आणि गिअर काढून घेतला. तो गोल्फ बॉलचा दांडा गेला, तिथे आता छोटीशी कळ आहे. डीएसजी माणसापेक्षा फास्ट गिअर टाकतो, मान्य, पण हॉट हॅच घेणारा माणूस सेकंद मोजायला घेतो का? अमरावती रोडला वाडीच्या पुढे रस्ता मोकळा झाला की चौथ्यातून तिसऱ्यात स्वतः टाकून ओव्हरटेक मारायचा, त्यासाठी घेतो. हे वाचून कोणी म्हणेल की आता जमाना गेला, कोण देतं मॅन्युअल. तर आय२० एन लाइन बघा. २०२१ ला आली तेव्हा क्लच पेडल नसलेला आयएमटी दिला होता, म्हणजे गिअर तुम्ही टाका पण क्लच गाडी दाबणार, धड हे नाही धड ते नाही. लोकांनी नाकं मुरडली आणि २०२३ ला तो काढून सरळ सहा गिअरची मॅन्युअल दिली. अल्ट्रोझ रेसर २०२४ ला आली ती पण सहा गिअर मॅन्युअलच. उलट उदाहरण पण आहे, २०१६ ची पोलो जीटीआय, १९२ पीएस, एक नंबर गाडी, पण तीन दारी आणि २५.९९ लाख, पुढच्या वर्षी किंमत सहा लाखांनी उतरवावी लागली. गिऱ्हाईक बोललं किंवा गप्प राहून खिसा बंद ठेवला, दोन्ही कंपनीला ऐकू जातं.

टपरीवरच्या मंडळींशी माझं भांडण एवढंच आहे. ते नव्या गाडीला नावं ठेवतात, मग शोरूममध्ये जाऊन ऑटोमॅटिकची टेस्ट ड्राइव्ह घेतात, सेल्समननं टॅब पुढे केला की पाच स्टार दाबून चहा पिऊन घरी. अरे भाऊ, त्या टॅबमध्ये खाली रिमार्कचा रकाना असतो, तिथे लिहा ना की मॅन्युअल ठेवा, एसीला नॉब द्या, आमच्या रस्त्याला जरा जाड टायर द्या. संपादक साहेब, तुम्ही पण पुढच्या पुरवणीत वाचकांकडून हेच मागवा, गाडीत काय परत पाहिजे ते, आणि आलेली पत्रं कंपन्यांना पाठवा. माझं नाव पहिलं टाका, मागणी मॅन्युअलची.

आपला,
एक नियमित वाचक, त्रिमूर्ती नगर, नागपूर