ग्रहणाचा दोष आता जनुकांच्या नावाने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला गर्भसंस्कारांवरचा पानभर लेख वाचला आणि काल दिवसभर कशात लक्ष लागेना. शेवटी आज लिहायला बसले. लेखकाने जनुकांचं नियमन, मूळ पेशी (ज्यांपासून बाकीच्या पेशी घडतात), एपिजेनेटिक्स (जनुकं न बदलता ती चालू-बंद होणं) असे शब्द घेतले आहेत. पहिल्या तीन महिन्यांत आईने काय ऐकलं आणि काय मनात आणलं, यावर बाळाच्या मेंदूतली कोणती जनुकं उघडतील ते ठरतं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी तर त्यांनी मुलातल्या व्यंगाची मुळं आईच्या मनःस्थितीत शोधायला सांगितलं आहे. छापण्यापूर्वी हे आपल्याकडे कुणी वाचलं होतं का?

माझ्या भाचीला पहिल्या खेपेला दिवस गेले ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये. २६ डिसेंबरला सूर्यग्रहण होतं, सकाळी आठ ते अकराच्या सुमारास. त्या दिवशी ती आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, नारळ कातायला बसली, कारण घरात दुसरं कुणी करणारं नव्हतं. आठ दिवसांनी सोनोग्राफी झाली, तीही उशिराच, आणि बाळाच्या पाठीचा कणा खालच्या बाजूला उघडा असल्याचं कळलं. झालं. त्या दिवसापासून आजतागायत त्या घरात एकच कारण सांगितलं जातं: ग्रहणात आडाळ्यावर बसली.

तिचा मुलगा आता शाळेत जातो. पायात आधाराचे कॅलिपर आहेत, पाढे तोंडपाठ आहेत. जन्मल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली, ती टाळेबंदीच्या दिवसांत, आणि भाचीला आठ दिवस एकटीने काढावे लागले. सासरचं कुणी भेटायला आलं नाही, याला टाळेबंदीचं निमित्त मिळालं. मी तेव्हा डिचोलीत अडकून पडले होते. फोनवर ती मला एकच विचारायची, "मावशी, खरंच माझ्यामुळे झालं का गं?"

मी ३१ वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. तिला जे उत्तर दिलं तेच इथे लिहिते. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून तयार होतात, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. आधी ती एक चपटी पट्टी असते, तिच्या कडा उचलल्या जातात, जवळ येतात आणि जुळतात; खालच्या बाजूला जुळायच्या राहिल्या, की तिथे कणा उघडा राहतो. भाचीच्या बाबतीत हे घडायचं होतं ते सप्टेंबरच्या सुरुवातीला, चवथीच्या दिवसांत. ती तेव्हा नेवऱ्या भरत होती आणि पाळी लांबल्याची तिला नुसती शंका होती. ग्रहण लागलं तेव्हा पाचवा महिना संपत आला होता. जे सप्टेंबरात राहून गेलं, ते डिसेंबरातल्या आडाळ्याने कसं होईल?

आणि आता आपला लेख. त्यातलं एक वाक्य खरं आहे, म्हणून तर तो जास्त घातक. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात, प्रथिनं बनवणारी सुमारे २० हजार. पेशी यकृताची होणार की मेंदूची, हे त्यातली कोणती कधी वाचली जातात यावर ठरतं. पण ते वाचन चालवतं कोण? पेशीच्या आतली प्रथिनं, आणि शेजारच्या पेशींकडून येणाऱ्या रासायनिक खुणा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांच्या गटाने उंदराच्या गर्भात हे दाखवलं आहे. एलएचएक्स-२ नावाचं एक जनुक योग्य वेळी कामावर नसेल, तर मेंदूचं बाह्यक, म्हणजे बाहेरचा थर, व्हायच्या पेशी वेगळ्याच वाटेला लागतात आणि शेजारच्या पेशींना स्मृतीचा भाग, म्हणजे हिप्पोकॅम्पस, घडवायचे आदेश देऊ लागतात. हे २००८ सालचं काम. पुढे २०११ मध्ये त्यांनी दाखवलं की हिप्पोकॅम्पसच्या मूळ पेशींतून हेच जनुक काढून घेतलं, तर त्या चेतापेशी बनवायचं लवकर थांबवतात आणि आधार देणाऱ्या पेशी वेळेआधी बनवू लागतात. जनुक एकच, पण जागा आणि वेळ बदलली की त्याचं काम बदलतं.

जपानमधल्या क्योटोच्या कागेयामा या शास्त्रज्ञांच्या गटाचं काम मला याहून आवडतं. मूळ पेशीत हेस-१ हे प्रथिन दर दोन-तीन तासांनी वाढतं आणि ओसरतं, मांडवीच्या भरती-ओहोटीपेक्षा किती तरी झरझर. त्याच्या तालावर दुसरं एक प्रथिन, एएससीएल-१, तेही चढतं आणि उतरतं. हा चढउतार चालू असेतोवर पेशी मूळच राहते, नुसती दुभंगत राहते. एएससीएल-१ चढलेलंच राहिलं की ती चेतापेशी व्हायला निघते. अशाच दुभंगण्यातून माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी येतात. वर्गात हे सांगताना माझ्या अंगावर काटा यायचा. ज्या लेखकाला पेशींतला हा ताल दिसत नाही आणि आईच्या मनातले विचार मात्र दिसतात, त्याला पानभर जागा मिळते, याचं मला फार वाईट वाटलं.

लेखात पहिल्या तीन महिन्यांत बाळाला संगीतातले राग ऐकवायला सांगितलं आहे. बाळाचे कान आवाजाला प्रतिसाद देऊ लागतात ते साधारण सहाव्या महिन्यात. रामरक्षा म्हणून आईला शांत वाटत असेल तर जरूर म्हणावी, मीही म्हणते. पण न म्हणणाऱ्या बाईच्या मुलात काही कमी निघालं, तर त्याचा ठपका तिच्यावर ठेवू नका.

आईच्या हातात खरंच असलेली एक गोष्ट त्या अख्ख्या पानावर नाही: फॉलिक अॅसिड. हे जीवनसत्त्व डीएनए बनवायला लागतं, आणि जनुकं बंद ठेवणाऱ्या मिथाइलच्या रासायनिक खुणा जोडायलाही. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांना आधी ही नळी नीट न मिटलेलं मूल झालं होतं, त्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अॅसिड घेतल्यावर पुन्हा तसं मूल होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. इतर स्त्रियांसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतात, पण ते आधीपासून हवेत. भाची दवाखान्यात पहिल्यांदा गेली तेव्हा तिसरा महिना लागला होता. गोळ्या तेव्हा लिहून मिळाल्या. नळी मिटायची वेळ टळून महिना होत आला होता. लग्न ठरल्यापासून तोवर तिला हे कुणीही सांगितलं नव्हतं, आणि त्यात मीही आले. गोळ्या वेळेवर घेतल्या असत्या तर खात्रीने टळलं असतं, असंही म्हणता येत नाही. तेव्हा हाही दोष कुणी तिच्या माथी मारू नये.

आपल्या गोव्यात प्रत्येक जोडपं लग्नाच्या सह्या करायला निबंधकाच्या कार्यालयात जातंच. सहीच्या दिवशी मुलीच्या हातात या गोळ्यांचं एक पाकीट आणि मराठी-कोंकणीत चार ओळींचं पत्रक द्यायला सरकारला असा किती खर्च येईल? याच्यासाठी आपण एक अग्रलेख लिहावा, ही मनापासून विनंती.

आणखी एक. त्याच पानाच्या तळाशी सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता वगैरेंवर मूळ पेशींच्या इंजेक्शनांची जाहिरात आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही ठरावीक विकारांसारखे मान्य उपचार सोडले, तर मूळ पेशी मंजूर चाचणीबाहेर उपचार म्हणून देता येत नाहीत. भाचीच्या नवऱ्याने अशाच एका ठिकाणी चौकशी केली होती, तेव्हा त्यांनी दागिने मोडण्याइतका आकडा सांगितला. वर आईला दोष आणि खाली तिच्या पाटल्यांवर डोळा, हे एकाच पानावर आपण कसं छापलंत?

भाचीच्या सासरी आपलंच दैनिक येतं. रविवारचं ते पान तिच्या सासूबाईंनी घडी घालून देवघराच्या फडताळात ठेवलं आहे, असं ती काल फोनवर सांगत होती. म्हणून खुलासा आतल्या पानावर बारीक अक्षरांत नको. पुढच्या रविवारी, त्याच पुरवणीत, त्याच जागी छापा.

माझं नाव कृपया छापू नये. सासर याच तालुक्यातलं आहे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, डिचोली