बारखालची दोन बोटं

आदरणीय सर,

प्रभूमध्ये सलाम.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही नागपूरला लेकीकडे राहायला गेलात, त्याला चार महिने होतील. निघायच्या गडबडीत नीट बोलणं झालं नाही आणि फोनवर मला बोलता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून लिहितो. उघड लिहितो, कारण तुमच्या हाताखालून गेलेली तालुक्यातली कितीतरी पोरं हे वाचतील आणि त्यांच्याही मनात हेच असेल.

तुमच्याकडे व्यायाम शिकायला आलो तेव्हा मला धड वाकताही येत नव्हतं. शहरातल्या एका जिममध्ये तिसऱ्याच आठवड्यात माझ्याकडून १०० किलोची डेडलिफ्ट, म्हणजे वाकून जमिनीवरचा बार उचलणं, करून घेतली होती. कमरेत असा चमका भरला की पंधरा दिवस खाटेवर होतो. जिनिंगमागच्या त्या जुन्या गोडाऊनमध्ये तुम्ही मला नुसता रिकामा बार दिलात, २० किलोचा. बारला लावायची वजनं, म्हणजे सिमेंट भरलेले तेलाचे डबे, बाजूला तसेच पडून होते. महिनाभर मी त्यांच्याकडे बघत राहिलो. "वजन नाही मोडत रे बावा माणसाले, घाई मोडते," तुम्ही म्हणालात. मग गोऱ्ह्याचं सांगितलंत. गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी कोणी वखराला जुंपत नाही. आधी मानेवर नुसतं जू, मग ओढायला हलकं लाकूड, आणि जोडीला जुना, शहाणा बैल. मी वावरात वाढलेला माणूस, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण ते स्वतःला लावून पाहिलं नव्हतं. त्याच दमात तुम्ही म्हणालात, "येशू म्हणते माझं जू घ्या. जू दोघांचं असते लेका. दुसऱ्या बाजूले कोण हाय ते पाह्य."

मग २०१७ साल आलं. त्या वर्षीची गुलाबी बोंडअळी आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. वरून बोंड टवटवीत, फोडलं की आत अळी आणि पिवळी पडलेली, चिकटलेली सरकी. मी चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला जाणं बंद केलं. दृढीकरणानंतर, म्हणजे चर्चमध्ये विश्वासाची जाहीर कबुली दिल्यावर, पहिली दोन वर्षं मी किती जोरात होतो, तुम्ही पाहिलं होतं. तेव्हाच तुम्ही सावध केलं होतंत, की नवख्याची ताकद भराभर वाढते ती स्नायूंमुळे कमी आणि नसांना उचलण्याची रीत कळते म्हणून जास्त. खरं मांस चढायला महिनोन्‌महिने लागतात. माझ्या विश्वासाचंही तसंच होतं. रीत आली होती, मांस चढलं नव्हतं.

गोडाऊनवर मात्र मी येत राहिलो, रागानं. एका संध्याकाळी बेंचवर पाठीवर झोपून मी ६० किलो छातीवरून वर ढकलत होतो. सातवी खेप गेली, आठव्या खेपेला बार छातीपासून चार बोटांवर अडकला. हात थरथरायला लागले. तुम्ही डोक्यामागे उभे होतात. तुम्ही बार धरला नाहीत. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं खाली लावलीत, इतकी हलकी की मला ती जाणवलीही नाहीत. बार हळूहळू वर गेला. "तूच उचललं," तुम्ही म्हणालात, "मी फक्त खाली येऊ नाही देल्लं."

नंतर ओट्यावर बसलो तेव्हा मी सांगितलं की माझ्याच्यानं प्रार्थना होत नाही. तुम्ही समजूत घातली नाहीत, वचनही सांगितलं नाहीत. "आज मी करतो. तू नुसता बसून राह्य." किती आठवडे तुम्ही माझ्या वाटची प्रार्थना केलीत, मी मोजलं नाही. पुढे एकदा मी विचारलं, की बायबलमध्ये पौलानं लिहिलेल्या गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आधी एकमेकांची ओझी वाहा म्हटलंय आणि तीनच ओळींनंतर ज्यानं त्यानं आपला भार वाहावा, हे कसं? तुमचे वडील यवतमाळच्या सेमिनरीत, पाळक घडवणाऱ्या शाळेत, माळी होते, ती १९८३ साली पुण्याला जाईपर्यंत. तिथल्या कोणाकडून तरी त्यांनी ऐकलेलं तुम्ही मला सांगितलंत. ग्रीकमध्ये ते दोन वेगळे शब्द आहेत. पहिला 'बारोस', माणूस ज्याखाली चेपतो ते वजन. दुसरा 'फोर्टिऑन', ज्याचं त्यानं पाठीवर घ्यायचं गाठोडं. बारखाली बोटं कधी लावायची आणि कधी हात मागे बांधून उभं राहायचं, हे तुम्हाला कळत होतं. मला अजून ते शिकावं लागतंय.

आपल्या चर्चच्या मंडळीतले काही वडीलधारे तुम्हाला टोचून बोलायचे, की शरीराची कसरत थोडक्याच उपयोगाची असं पौलानं तीमथ्याला लिहिलंय. तुम्ही कधी वाद घातला नाहीत, म्हणून मी आज बोलतो. त्याच्या आधीच्याच ओळीत पौल सुभक्तीची कसरत कर म्हणतो, आणि तिथला मूळ ग्रीक शब्द व आपला 'जिम' हा शब्द एकाच मुळातले. पौलानं कसरतीला कमी लेखलं नाही, तिची जागा दाखवली. तुम्हीही तेच करत आलात. व्यायामानं देव खूश होतो असं तुमच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. कृपा कमवायची नसते, हे तुम्ही बजावून सांगायचात: पोरगा बापाच्या वावरात राबतो तो पोरगा आहे म्हणून, राबून काही तो पोरगा होत नाही.

आणि विश्रांती. रोज येऊन मी अंगावर काढत होतो, तेव्हा तुम्ही दोन दिवस कुलूप लावलंत. मांस उचलताना वाढत नाही, नंतर झोपेत आणि जेवणात भरतं, म्हणालात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही हळद-लोण्यानं बैलांचे खांदे शेकत होतो, तुम्ही येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, विसाव्याच्या आज्ञेत देवानं बैलाचंही नाव घेतलंय, तुझं कसं सुटेल? त्या रविवारी मी उपासनेला गेलो. मागच्या बाकावर बसलो. कोणी काही विचारलं नाही.

सर, खूप खूप आभार. हे मी तुमच्या तोंडावर कधी म्हणालो नाही.

किल्ली माझ्याकडे आहे. सध्या नऊ पोरं येतात, त्यातला एक फार घाई करतो, त्याला रिकामा बार दिलाय. चौथ्या डब्याचं सिमेंट एका बाजूनं फुटलं होतं, ते परवा नवीन भरलं. कापसाच्या काट्यावर तोललं, साडेबारा किलो भरलं. वहीत तुमच्याच रकान्यात लिहून ठेवलंय.

तुमचा,
बेंचवरचा शेवटचा नंबर