आमचा समुद्र जमिनीखाली आहे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारींवरचा लेख वाचला. फोटो झकास आहेत. पण विदर्भाची हवा कोरडी, समुद्र लांब, म्हणून इकडच्या जुन्या गाड्यांना गंजाचं भय नाही, असं लेखकानं जे ठोकून दिलंय ते वाचून राहवलं नाही. त्यांनी एकदा दर्यापूर तालुक्यात यावं. आमचा समुद्र जमिनीखाली आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या खारपाणपट्ट्यात बोअरच्या खारट पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, आणि त्याच पाण्यानं आम्ही दर रविवारी गाड्या धुतो.

माझ्याकडे वडिलांची १९७३ची प्रीमिअर प्रेसिडेंट आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी आधी फियाट ११०० डिलाइट होती, १९७२ला प्रेसिडेंट झाली आणि १९७४पासून पद्मिनी. गावानं मात्र तिला फियाटशिवाय दुसरं नाव कधी दिलं नाही. वडील शेतकरी. मोटारीला त्यांनी बैलबंडीसारखंच वापरलं. डिकीत ढेपेचे कट्टे, सरकी, खताची पोती. एकदा पोटॅशचं पोतं आतच फाटलं. आपण ज्याला नुसतं पोटॅश म्हणतो ते बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे मिठाचं सख्खं भावंड. वरचं झाडून काढलं. पण डिकीचा तळ मागच्या पत्र्याला जिथे जोडलाय, त्या फटीत गेलेले दाणे कोण वेचणार?

गंजाचं खरं घर ही फट आहे. मोटारीची बॉडी अखंड नसते. दोन पत्रे एकावर एक ठेवून थोड्या थोड्या अंतरावर वेल्डिंगचे ठिपके मारतात. दोन ठिपक्यांच्या मध्ये पत्रे नुसते टेकलेले असतात आणि तिथे कारखान्यातही रंग नीट पोचत नाही. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावं तसं पाणी त्या फटीत चढतं. वरून सीलर (फट बुजवणारा लगदा) भरलेला असतो, पण चाळीस-पन्नास उन्हाळे खाल्ले की तो वाळून तडकतो. म्हणजे आमचं कोरडं ऊन आधी दार उघडून ठेवतं आणि जूनमधला पाऊस आत शिरतो. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे जोड फुगून आणखी उघडतो. बाहेर रंगाला मुगाएवढा फोड दिसतो तेव्हा आत काम बरंच पुढे गेलेलं असतं.

मला हे उशिरा कळलं. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका डेंटरकडे गाडी दिली होती. "सर, टेन्शन काऊन घेता? नवी करून देतो," म्हणाला. खरंच नवी दिसत होती. तिसऱ्या पावसाळ्यात दारांखालच्या डाव्या पायदानावर फोडांची रांग उठली. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचा, ढेकळाएवढा तुकडा हातात आला आणि त्यामागे कोंबलेला कागदाचा बोळा. उलगडून पाहिला तर आपलंच वृत्तपत्र, साहेब! अग्रलेख निम्मा शाबूत होता. पत्रा नव्हता.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी जुन्या स्पीकरचं चुंबक रुमालात गुंडाळून खिशात ठेवावं. जिथे ते चिकटत नाही, तिथे जाड लांबी आहे असं समजावं. बाकी बोलणी नंतर.

यंदा एप्रिलमध्ये मी आणि गावातला वेल्डर (माझाच विद्यार्थी, वर्गात कधी लक्ष दिलं नाही) असं दोघांनी काम हाती घेतलं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "गुर्जी, हे तं आतून सडलं. वरून घासून काय होते?" पायदान म्हणजे पोकळ डबा असतो आणि त्याच्या बुडाला पाणी निघायला भोकं असतात. आमची भोकं लांबीनं बुजवलेली. तारेनं मोकळी केली तेव्हा आधी काळी माती आली, मग लोखंडाचे पापुद्रे, मग तांब्याभर पाणी. बाहेर ४४ अंश होते.

सडलेला पत्रा कापून नवा जोडला. ते सोपं. अवघड ते, जिथे पत्रा शाबूत आहे पण जोड गंजलाय. तिथला जुना सीलर खरवडून तारेच्या ब्रशनं उजळ लोखंड दिसेपर्यंत घासावं लागतं. त्यानंतर धुणं, आणि खारपाणपट्ट्यात घोडं अडतं ते इथेच. गंजाच्या खड्ड्यांत मीठ उरलं, तर वरून कितीही भारी रंग मारा, तो फुगणारच. बोअरच्या पाण्यानं धुणं म्हणजे पुन्हा मीठ भरणं. आम्ही गेल्या पावसाळ्यात टिनाच्या पन्हाळीखाली ड्रम लावून साठवलेलं पाणी वापरलं. मग गाडी दोन दिवस उन्हात ठेवली. उन्हाचा एवढाच काय तो उपयोग.

उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावला. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो ना? तसंच. त्यातलं टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल गंजाशी संयोग पावून काळा, घट्ट थर बनवतं. पण हे औषध सुट्या पापुद्र्यांवर चालत नाही आणि फटीत खोलवर पोचत नाही. त्यानंतर इपॉक्सी प्रायमर (अस्तराचा रंग), त्यावर बॉडीचा पॉलियुरेथेन सीलर, मग रंग. नुसता रेडऑक्साइड प्रायमर मारून गाडी पावसाळाभर उभी ठेवू नये, तो पाणी अडवत नाही. आणि बाथरूमला लावतात ते आंबट वासाचं सिलिकॉन तर जोडाच्या आसपासही नको. तो वास ॲसिटिक आम्लाचा असतो, म्हणजे गंजाला आमंत्रण. वर रंगही धरत नाही. वेल्डिंग संपूर्ण आटोपल्यावरच पायदानाच्या पोकळीत पातळ मेण फवारायचं. आधी फवारलं तर वेल्डिंगच्या ठिणगीनं पेट घेईल. ते फटीत झिरपतं, जिथे ब्रश जात नाही तिथे जातं. मेण सुकलं की भोकांत पुन्हा तार फिरवायची.

आता हे पेपरात कशाला, असं कुणी म्हणेल. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांपुढची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नोंदणी शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चेसिस किंवा बॉडीत मोठा फेरफार नसावा. म्हणजे जोडातला गंज वेळीच नाही धरला तर उद्या निम्मी बॉडी कापून बसवावी लागेल, आणि मग ती मूळ गाडी उरली का, हा वाद अंगावर येईल. आमच्या भागात वाड्यांमागे, गोठ्यांत, ताडपत्रीखाली अशा कितीतरी फियाट आणि ॲम्बेसेडर उभ्या आहेत. ताडपत्रीखाली त्यांना रात्रभर घाम येतो, ही आणखी एक गोष्ट.

तेव्हा पुरवणीतल्या त्या वाक्याची दुरुस्ती छापावी ही विनंती. लेखकांना गाडी बघायची असल्यास खुशाल यावं, उजवं पायदान अजून उघडंच आहे. फक्त मृग लागायच्या आत यावं. नंतर आमचा रस्ता काळ्या मातीचा आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक
ता. दर्यापूर, जि. अमरावती
(नाव छापू नये. डेंटर ओळखीचा आहे.)