मुक्तास, एजन्सी काढण्यापूर्वी

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

स्वतःची मॉडेलिंग एजन्सी काढण्याचा तुझा विचार कळला. तुझ्या बाबांनी नेहमीप्रमाणे ‘बघू’ म्हणून वर्तमानपत्र उघडले. मला मात्र, जन्मभर खातेवह्या लिहिल्यामुळे असेल, न्यूयॉर्कच्या आयलीन फोर्ड आठवल्या.

१९४६ साली पहिल्या बाळंतपणाच्या आधी त्या ओळखीच्या मॉडेलांचे फोन घेऊन त्यांच्या कामांच्या वेळा लावून देत असत. त्यातूनच पती जेरी यांच्यासह त्यांची एजन्सी उभी राहिली आणि भांडवलासाठी दोघांनी आपली मोटार विकली. काम झाले तरी जाहिरातदाराचे पैसे येईपर्यंत मॉडेलने वाट पाहत बसायचे, ही तेव्हाची रीत त्यांनी मोडली. छायाचित्रे काढून होताच मॉडेलने व्हाउचरवर ग्राहकाची सही घ्यायची, ते एजन्सीत आणून द्यायचे आणि एजन्सीने आपले कमिशन कापून तिला आठवड्याच्या आठवड्याला पैसे चुकते करायचे. वसुलीची यातायात एजन्सीने सोसायची. तुझे दिवाळीतल्या कामाचे पैसे होळी झाली तरी आलेले नाहीत, तेव्हा या कागदाच्या तुकड्याचे मोल तुला सांगायला नको. मात्र त्यासाठी हाताशी खेळते भांडवल लागते, आणि तुझ्या आराखड्यात मला ते कुठेच दिसले नाही.

बाहेरगावच्या कोवळ्या मुलींना त्या स्वतःच्या घरी ठेवून घेत, जेवणाखाणापासून झोपण्याच्या वेळेपर्यंत धाक ठेवीत. पण त्यांचे सगळेच काही मला पटत नाही. वजनावरून त्या मुलींना फार टोचून बोलत, आणि उंच, सडपातळ, सोनेरी केसांच्या मुलींकडे त्यांचा ओढा असे. लॉरेन हटन या त्यांच्या मॉडेलला त्यांनी दातांतली फट बुजवायला सांगितले होते. ती तिने कायमची बुजवली नाही, आणि त्याच हसण्यावर १९७३ साली रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचा मोठा करार मिळवला! पुढे १९७७ मध्ये जॉन कासाब्लांकास यांनी न्यूयॉर्कमध्ये एलिट एजन्सी उघडून फोर्डकडची माणसे ओढली, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले. १९९५ मध्ये कारभार कन्या केटीकडे आला. आयलीनबाई २०१४ साली, ९२ व्या वर्षी वारल्या.

रविवारी येताना थकलेल्या बिलांच्या झेरॉक्स घेऊन ये. किती महिन्यांचे पैसे पदरचे घालावे लागतील, ते आपण दोघी मिळून मांडू.

तुझी,
आई